ताप येतो, जातो, पुन्हा येतो, पण रिपोर्टमध्ये जंतू सापडत नाही. ऑटोइन्फ्लमेटरी आजार म्हणजे नेमकं काय?

पावसाळा सरत आला की नागपुरात बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याबाहेर एकच प्रश्न ऐकू येतो, "प्लेटलेट्स किती आल्या?" डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड आणि २०१८ च्या साथीनंतर स्क्रब टायफससुद्धा. विदर्भात ताप म्हटला की ही यादी डोळ्यांपुढे उभी राहते आणि बहुतेक वेळा उत्तर याच यादीत सापडतं.

पण समजा, एखाद्या मुलाला दर महिन्याला ताप येतोय. तीन-चार दिवस फणफणतो, पोट दुखतं, सांधे धरतात, अंगावर चट्टे उठतात. सीआरपी वाढलेला असतो, पण ब्लड कल्चरमध्ये काही उगवत नाही. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, टीबीची तपासणीही निगेटिव्ह. अँटिबायोटिकचा कोर्स सुरू होतो आणि चौथ्या दिवशी ताप उतरतो. औषध लागू पडलं, असं घरच्यांना वाटतं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. खरं तर तो ताप औषध न देताही चौथ्या दिवशी उतरणारच होता.

अशा मुलांपैकी थोड्या मुलांच्या बाबतीत दोष जंतूंचा नसतो. शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा कारण नसताना पेटलेली असते. या आजारांना ऑटोइन्फ्लमेटरी आजार म्हणतात. मराठीत 'स्वयंदाही आजार' म्हणता येईल. हे आजार दुर्मीळ आहेत. पण वेळेत ओळखले नाहीत तर मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, ऐकू येणं बंद होऊ शकतं, काही आजारांत तर लहान मुलाला अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. आणि वेळेत ओळखले तर यातल्या अनेकांवर चांगले उपचार आहेत. म्हणून हा विषय समजून घेणं गरजेचं आहे.

ऑटोइम्यून आणि ऑटोइन्फ्लमेटरी, फरक काय?

ऑटोइम्यून हा शब्द आता बऱ्याच जणांच्या ओळखीचा आहे. ल्युपस, संधिवात, टाइप १ मधुमेह हे त्यातले आजार. ऑटोइन्फ्लमेटरी हा शब्द त्याच्यासारखाच दिसतो, पण दोन्हींत मूळ फरक आहे. तो समजायला आपल्या प्रतिकारशक्तीच्या दोन शाखा माहीत हव्यात.

पहिली शाखा जन्मजात प्रतिकारशक्तीची. शरीरात काही घुसलं की मिनिटा-तासांत कामाला लागणारी ही फौज. न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज या पेशी तिच्यात येतात. समोरचा शत्रू नेमका कोण आहे याच्या खोलात ती जात नाही. धोक्याच्या ठरावीक खुणा दिसल्या की ती थेट हल्ला करते.

दुसरी शाखा अर्जित प्रतिकारशक्तीची. ही शिकते आणि लक्षात ठेवते. टी पेशी, बी पेशी आणि त्यांनी बनवलेली अँटिबॉडी हा तिचा कारभार. लस काम करते ती मुख्यतः याच शाखेच्या स्मरणशक्तीवर.

ऑटोइम्यून आजारात चूक दुसऱ्या शाखेची असते. ती शरीराच्याच एखाद्या घटकाला शत्रू समजून त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी किंवा टी पेशी तयार करते. म्हणून रक्तात एएनएसारख्या अँटिबॉडी तपासून या आजारांचा माग काढता येतो.

ऑटोइन्फ्लमेटरी आजारात चूक प्रामुख्याने पहिल्या शाखेची असते. इथे कुणाला शत्रू समजण्याचा प्रश्नच नसतो. धोक्याची घंटा आपोआप वाजते किंवा एकदा वाजली की थांबत नाही. त्यामुळे रक्तात अशा अँटिबॉडी मोठ्या प्रमाणात सापडत नाहीत. बाहेरचं ठोस कारण नसताना उसळणारा दाह, आणि त्यामागे अँटिबॉडी किंवा विशिष्ट टी पेशींचा हात नाही, ही या आजारांची मूळ व्याख्या.

ही भिंत अगदी पक्की नाही. २००६ मध्ये डेनिस मॅकगोनॅगल आणि मायकेल मॅकडरमॉट यांनी मांडलं की हे दोन गट म्हणजे एकाच पट्टीची दोन टोकं आहेत. एका टोकाला शुद्ध स्वयंदाही आजार, दुसऱ्या टोकाला शुद्ध ऑटोइम्यून आजार आणि मधे दोन्हींची सरमिसळ असलेले अनेक आजार. आज साधारणपणे असंच मानलं जातं.

शब्द आला कुठून?

हा शब्द फार जुना नाही. तो १९९९ मध्ये 'सेल' या विज्ञानपत्रिकेतल्या एका शोधनिबंधातून आला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले डॉ. डॅन कास्टनर, मॅकडरमॉट आणि त्यांचे सहकारी काही कुटुंबांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या तापाचा शोध घेत होते. हा ताप आधी एका आयरिश-स्कॉटिश कुटुंबात नोंदवला गेला होता, म्हणून त्याला 'हायबर्नियन फीवर' म्हणत. संशोधकांना दिसलं की या लोकांच्या टीएनएफ नावाच्या दाहक रसायनाच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या प्रथिनात, जनुकीय बिघाड आहे. या आजाराला आता ट्रॅप्स म्हणतात. जंतू नाही, अँटिबॉडी नाही, तरी दाह आहे, अशा आजारांसाठी त्यांनी ऑटोइन्फ्लमेटरी हा नवा शब्द वापरला. या कामासाठी कास्टनर यांना २०२१ मध्ये स्वीडनचा क्राफर्ड पुरस्कार मिळाला.

गोष्टीची सुरुवात मात्र त्याच्याही आधीची आहे. १९४५ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर शेपर्ड सीगल यांनी एका विचित्र आजाराचं वर्णन केलं. अचानक ताप, पोटात असह्य कळा, दोन-तीन दिवसांत सगळं गायब आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. पुढे याला फॅमिलियल मेडिटेरेनियन फीवर, म्हणजे एफएमएफ, हे नाव मिळालं. तुर्की, आर्मेनियन, अरब आणि ज्यू लोकांमध्ये तो जास्त दिसतो. पोटदुखी इतकी तीव्र असते की अपेंडिक्स समजून अनेकांची ऑपरेशनं झाली आणि आतून अपेंडिक्स धडधाकट निघालं.

१९९७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी या आजाराचं जनुक शोधलं. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला एका गटाने नाव दिलं पायरिन, ग्रीक भाषेतल्या आगीच्या शब्दावरून.

पेशीच्या आत नेमकं काय बिघडतं?

पेशीच्या आत धोका हेरणारी काही प्रथिनं असतात. पायरिन हे त्यातलंच एक, एनएलआरपी३ हे दुसरं. धोका जाणवला की ही प्रथिनं एकत्र येऊन एक यंत्र उभं करतात. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये युर्ग शॉप यांच्या प्रयोगशाळेने त्याला इन्फ्लमासोम हे नाव दिलं. हे यंत्र सुरू झालं की इंटरल्यूकिन-१ नावाचं रसायन पेशीबाहेर पडतं. मेंदूतला तापमानाचा काटा वर सरकतो, यकृत सीआरपी बनवायला लागतं, सांधे सुजतात, न्यूट्रोफिल धावत येतात.

जंतू आला असेल तर हे सगळं हवंच. धूर झाल्यावर वाजणाऱ्या फायर अलार्मसारखं. पण अलार्मच इतका संवेदनशील झाला की कुणी उदबत्ती लावली तरी सगळी इमारत खाली करावी लागते, तर? स्वयंदाही आजारात जनुकातल्या बदलामुळे नेमकं हेच होतं.

एनएलआरपी३ मधल्या बिघाडाने होणाऱ्या आजारांचा एक गटच आहे, त्याला कॅप्स म्हणतात. त्याच्या सौम्य प्रकारात थंड हवा लागली की काही तासांत अंगावर पुरळ, ताप आणि सांधेदुखी सुरू होते. त्याच जनुकाच्या सर्वात गंभीर प्रकारात बाळाला जन्मापासून पुरळ असतं, मेंदूच्या आवरणाला सूज राहते, हळूहळू बहिरेपण येतं. एकच जनुक, पण बदल कुठे झाला त्यावर आजाराची तीव्रता ठरते.

गाऊटचा ठणका अनुभवलेल्यांना हे यंत्र न कळत ओळखीचं आहे. सांध्यात साठलेले युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक हेच एनएलआरपी३ चालू करतात, असं २००६ मध्ये दिसून आलं. म्हणजे एका जनुकातल्या बिघाडामुळे होणारे दुर्मीळ आजार समजून घेताना सर्वसामान्यांच्या आजाराचंही कोडं सुटलं.

तापाच्या वेळापत्रकावरून सुगावा

या आजारांची एक मजेशीर बाजू म्हणजे त्यांचं वेळापत्रक. किती दिवस ताप राहतो यावरून डॉक्टरांना अंदाज बांधता येतो. एफएमएफचा झटका साधारण एक ते तीन दिवसांचा असतो. ट्रॅप्सचा आठवडा किंवा त्याहून जास्त चालतो. थंडीने येणारा कॅप्स बहुतेक वेळा दिवसभरात ओसरतो.

मुलांमध्ये सर्वात जास्त दिसणारा प्रकार आहे पीफापा. १९८७ मध्ये त्याचं वर्णन झालं. साधारण पाच वर्षांच्या आतल्या मुलांना दर तीन ते सहा आठवड्यांनी, जवळजवळ कॅलेंडर लावल्यासारखा ताप येतो. घसा लाल, तोंडात फोड, मानेच्या गाठी सुजलेल्या. मधल्या काळात मूल ठणठणीत, वजन-उंची वाढतेय. पीफापाचं एकच असं जनुक सापडलेलं नाही आणि बहुतेक मुलांमध्ये वाढत्या वयात तो आपोआप थांबतो. पण तोवर 'टॉन्सिल्स' म्हणून दर महिन्याला अँटिबायोटिक पोटात जातं.

मोठ्यांनाही हे आजार होतात. २०२० मध्ये व्हेक्सास नावाचा आजार समोर आला. तो मुख्यतः पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांना होतो आणि त्यातला जनुकीय बदल जन्मापासून नसतो, अस्थिमज्जेत पुढे कधीतरी घडतो. त्यामुळे 'जनुकीय आजार म्हणजे लहानपणीच दिसणार' हा समजही मोडला.

भारतात, महाराष्ट्रात काय चित्र आहे?

एफएमएफ भारतात क्वचितच आढळतो. इथल्या डॉक्टरांच्या चर्चेत जास्त असलेला आजार आहे डाडा२. एडीए२ हे एन्झाइम कमी पडल्याने तो होतो. २०१४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी तो एकाच वेळी जगापुढे आणला. वारंवार ताप, त्वचेवर जाळीदार चट्टे, रक्तवाहिन्यांचा दाह आणि सर्वात भीतीदायक म्हणजे अगदी लहान वयात स्ट्रोक. तीन-चार वर्षांच्या मुलाचा एक हात अचानक लुळा पडला तर घरच्यांच्या डोक्यात स्ट्रोक हा शब्दसुद्धा येत नाही.

चंडीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने २०२१ मध्ये भारतातल्या डाडा२ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले बरेच रुग्ण अगरवाल समाजातले होते आणि त्यांच्यात एकच विशिष्ट जनुकीय बदल वारंवार दिसला. हाच बदल जॉर्जियातल्या ज्यू कुटुंबांमध्येही आधी आढळला होता. अगरवाल कुटुंबं नागपूर, अकोला, अमरावती, गोंदियापर्यंत सगळीकडे आहेत, त्यामुळे ही माहिती विदर्भातही उपयोगाची आहे.

यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच समाजात लग्नं झाली की जुन्या एखाद्या पूर्वजाचा जनुकीय बदल त्या समाजात टिकून राहतो. भारतातल्या जवळपास प्रत्येक जातीत आणि जमातीत असे कोणते ना कोणते बदल आहेत.

विदर्भाला हे गणित सिकलसेलमुळे चांगलंच माहीत आहे. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये केली होती. आज आरोग्य शिबिरांमुळे 'वाहक' आणि 'रुग्ण' यांतला फरक गावागावांत माहीत आहे. डाडा२ चंही तसंच. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. वाहक स्वतः सहसा ठणठणीत असतो.

साम्य इथेच संपत नाही. सिकलसेलच्या वाहकांना मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं, म्हणून ते जनुक टिकलं. एफएमएफच्या बाबतीतही २०२० मध्ये असाच पुरावा समोर आला. पायरिनमधले ते बदल प्लेगच्या जंतूविरुद्ध शरीराला मदत करतात. कधीकाळी ज्याने पूर्वजांचा जीव वाचवला, तेच आज नातवंडांना तापाने फणफणवतं.

उपचार काय? आणि त्यात कळलावीचं काय काम?

पावसाळ्यात रानात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची कळलावी अनेकांनी पाहिली असेल. काही ठिकाणी तिला खड्यानाग म्हणतात. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी तिचा कंद वापरत, म्हणून कळलावी. या कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचं रसायन असतं. तेच रसायन युरोपात वेगळ्या एका वनस्पतीपासून मिळत होतं आणि गाऊटवर शतकानुशतकं वापरात होतं.

१९७२ मध्ये बोस्टनचे डॉ. स्टीफन गोल्डफिंगर यांनी कळवलं की रोज कोल्चिसिन घेतल्यावर एफएमएफचे झटके थांबतात. पुढे इस्राएलमधल्या हजारावर रुग्णांच्या अभ्यासातून त्याहून महत्त्वाची गोष्ट कळली. सततच्या दाहामुळे अमायलॉइड नावाचं प्रथिन मूत्रपिंडात साठतं आणि ते निकामी होतं. नियमित कोल्चिसिनने हे टळतं. आजही एफएमएफचं पहिलं औषध हेच आहे आणि ते स्वस्त आहे.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. कळलावीचा कंद घरी उगाळून किंवा काढा करून घेणं जिवावर बेतू शकतं. औषध आणि विष यांच्या मात्रेत या रसायनाच्या बाबतीत फार थोडं अंतर आहे. कोल्चिसिन म्हणजे फक्त मोजलेली गोळी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

इतर आजारांत थेट दाहक रसायनच अडवणारी औषधं आहेत. २००६ मध्ये कॅप्सच्या सर्वात गंभीर प्रकाराच्या १८ रुग्णांना इंटरल्यूकिन-१ अडवणारं अनाकिन्रा दिलं, तेव्हा जन्मापासून असलेलं पुरळ तीन दिवसांत गेलं. एकच रसायन अडवल्यावर इतका फरक पडतो, म्हणजे आजाराचं मूळ तिथेच आहे, हा या संकल्पनेचा सर्वात भक्कम पुरावा ठरला. अडचण अशी की ही औषधं महाग आहेत आणि भारतात सहजासहजी मिळत नाहीत.

डाडा२ च्या बाबतीत चित्र थोडं आशादायक आहे. त्यावर टीएनएफ अडवणारी औषधं चालतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या नोंदींनुसार, उपचारांआधी १५ रुग्णांना मिळून ५५ स्ट्रोक आले होते. औषध सुरू केल्यानंतर त्यांच्यात एकही आला नाही. या गटातलं अडालिमुमॅब हे औषध भारतीय कंपन्या बनवतात. त्याची जगातली पहिली बायोसिमिलर आवृत्ती २०१४ मध्ये भारतातच बाजारात आली. म्हणजे निदान झालं तर औषध आवाक्यात येऊ शकतं. आणि निदान झालं नाही तर? स्ट्रोक म्हणून नेहमीची रक्त पातळ करणारी औषधं सुरू होऊ शकतात. डाडा२ मध्ये मेंदूत रक्तस्राव होण्याचाही धोका असल्याने तज्ज्ञ ती शक्यतो टाळतात. आजाराचं नेमकं नाव कळणं किती महत्त्वाचं आहे, ते इथे दिसतं.

शंका कधी घ्यायची?

मुलांना वर्षातून अनेकदा ताप येणं अगदी नेहमीचं आहे. शाळेत जायला लागलेलं मूल एका सर्दीतून उठून दुसरीत जातं. त्यामुळे प्रत्येक तापाला दुर्मीळ आजार समजून घाबरू नये. संसर्ग, टीबी आणि रक्ताचे आजार आधी तपासलेच पाहिजेत. पण खालील गोष्टी एकत्र दिसत असतील तर डॉक्टरांशी या शक्यतेबद्दल बोलावं:

- सहा महिने किंवा जास्त काळ ठरावीक पद्धतीने परत परत येणारा ताप
- प्रत्येक वेळी तीच लक्षणं, मधल्या काळात मूल पूर्ण बरं
- तापात सीआरपी, ईएसआर खूप वाढलेले, पण जंतूचा पत्ता नाही
- सोबत पुरळ, सांधेदुखी, पोटदुखी, तोंडात फोड किंवा डोळे लाल होणं
- अँटिबायोटिक दिलं तरी आणि नाही दिलं तरी ताप तितकेच दिवस राहणं
- घरात आणखी कुणाला असाच त्रास, किंवा लहान वयात स्ट्रोक

सर्वात उपयोगी आणि फुकटची तपासणी म्हणजे तापाची डायरी. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, किती चढला, किती दिवस राहिला, सोबत काय होतं, कोणतं औषध दिलं. पुरळ उठलं की मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते बऱ्याचदा गेलेलं असतं. तीन-चार महिन्यांची अशी नोंद पाहून अनुभवी डॉक्टरला जे दिसतं, ते एका दिवसाच्या रक्ततपासणीत दिसत नाही. स्वतःच्या मनाने स्टेरॉइड मात्र देऊ नये. त्याने ताप दबतो, पण आजाराचं खरं रूप झाकलं जातं.

नागपुरात सुरुवात मेडिकल, मेयो किंवा एम्सच्या बालरोग विभागातून करता येते. पुढच्या जनुकीय तपासण्यांसाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात दोषांवर तिथे संशोधन आणि निदान चालतं. त्याच परळमध्ये वाडिया हे मुलांचं रुग्णालय आहे. विदर्भातल्या कुटुंबासाठी मुंबई शेकडो किलोमीटर दूर आहे. रजा, तिकीट, राहण्याची सोय हे सगळं आलं. म्हणून घरातून निघतानाच डायरी, फोटो आणि जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून नेले तर एक-दोन फेऱ्या वाचू शकतात.

प्रतिकारशक्तीच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ च्या यादीत प्रतिकारशक्तीचे ४८५ जन्मजात दोष नोंदवले आणि त्यात स्वयंदाही आजारांचा स्वतंत्र गट आहे. १९९९ पर्यंत ज्या गटाला नावही नव्हतं, त्याची यादी आता दरवर्षी वाढते आहे. 'तापाचं कारण सापडत नाही' हे वाक्य आजही अनेक फाइलींवर लिहिलं जातं. त्यातल्या काही फाइलींसाठी तरी आता पुढचा प्रश्न विचारता येतो: हा ताप बाहेरून आलाय, की आतूनच पेटलाय?